गच्चीवर बिबडे आणि भ्रामरी

नाना, गुडघा कसा आहे? अक्का, खोकला थांबला का? भाऊ, डोळ्याची पट्टी निघाली ना?

थंडी सरून ऊन लागलं की आमच्या मंडळींचा दमा उठतो. बाया गच्चीवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे वाळवणाचे पापड, थापतात आणि ही खाली एकटी. गोळ्या चालूच आहेत. यंदा जोडीला आपण शिबिरात शिकलो तो भ्रामरी प्राणायाम शिकवला, तर म्हणाली, "भुंगागत गुणगुणाले मी काय येडी शे?"

आज हट्टाने वर गेली. मी जिन्यात कान लावून उभा. दम लागला तशी चक्क गुणगुणू लागली. बाया हसल्या, पण शेवटचा बिबडाही हिनेच थापला.

खाली येऊन म्हणते, "पुढच्या आठवड्यात तुम्ही बी वर या. त्या बठ्ठ्या बायासले भ्रामरी शिकनं शे."

आता इतक्या बायांसमोर मी डोळे मिटून बसू कसा, तेवढं लवकर लिहून कळवा.