होऊन राह्यलं म्हणजे झालं नव्हे

मलकापुरात हार्डवेअरच्या दुकानात बसून दोन पोरी सॉफ्टवेअर करतात, हे कळल्यावर लोक आधी हसायचे आणि मग मोबाइलचा चार्जर दुरुस्तीला द्यायचे. त्यातली एक मी. दुसरी माझी मैत्रीण. दुकान तिच्या अब्बांचं, म्हणजे माझ्या चाचांचं. दुकानदारांसाठी आम्ही मराठी बिलाचा प्रोग्राम केला होता आणि पहिलं गिऱ्हाईक चाचाच होते. त्या दिवशी तो त्यांच्या कॉम्प्युटरवर बसवायचा होता. नाही चालला, तर संध्याकाळी मी पुण्याच्या नोकरीला हो कळवणार होते. मैत्रिणीला हे सांगितलं, तर ती "बरं" म्हणाली आणि वायर शोधायला लागली. मला रागच आला.

प्रोग्रामला तीन ॲड-ऑन, म्हणजे वरून जोडायचे भाग होते: मराठी अक्षरं, माल आणि बिल. प्रत्येकाला बसवणारी वेगळी इन्स्टॉल स्क्रिप्ट. आधी अक्षरं बसायला हवीत, मग माल, मग बिल. या तिघींना रांगेत ठेवायला पॅकेज मॅनेजर नावाचा आणखी एक प्रोग्राम होता, तो आमच्या पुण्यातल्या वर्गमित्रानं फुकटात लिहून दिलेला. स्क्रिप्ट आपलं काम कुठवर आलं ते शब्दांत कळवायची, ते वाचून तो पुढचीला सोडायचा. हे शब्द मैत्रिणीनं लिहिलेले.

बटण दाबलं. तिन्ही स्क्रिप्ट अशा सुसाट सुटल्या की बघता बघता पडद्यावर सगळं हिरवं! आम्ही टाळ्या पिटल्या. प्रिंटरमधून बिल आलं, चाचांनी चष्मा लावला.

"बेटा, मी बिजागऱ्या इकतो. तुम्ही खिडक्या काऊन छापून राह्यल्या?"

बिलावर औषधालाही अक्षर नव्हतं. नुसते चौकोन, ओळीनं. मी पुण्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकून वर्गमित्राला झापलं. अक्षरं बसायच्या आधी बिलाला कशाला सोडलं?

"अगं, तुमचीच स्क्रिप्ट म्हणाली, झालं म्हणून."

"कुठं म्हणाली?"

"सुरुवातीलाच. हे बघ, 'होऊन राह्यलं'. होऊन राहिलं. म्हणजे झालं, आणि वर राहिलंही. इतकं पक्कं झालेलं काम मी आजवर पाहिलं नव्हतं."

मैत्रीण हसत खिळ्यांच्या पोत्यावर जी कोसळली!

"अबे, होऊन राह्यलं म्हंजे होत आहे! चालू आहे अजून!"

"मग 'होत आहे' असं लिहायचं ना."

"काऊन लिहू? मले समजते, अब्बाले समजते. तुलेच समजून नाही राह्यलं!"

"म्हणजे मला समजलं, पण राहिलं नाही?" त्यानं अगदी मनापासून विचारलं.

आता मीही गेले. पोट दुखेस्तोवर हसलो. चाचा कशाला हसताहेत हे त्यांचं त्यांनाही माहीत नसावं. वर्गमित्रानं हसत हसतच तिकडून एक ओळ बदलली: 'झालं' हा शब्द येईपर्यंत पुढचीला सोडायचं नाही. आम्ही सगळं काढून टाकलं आणि पुन्हा बटण दाबलं.

या वेळी 'होऊन राह्यलं' पडद्यावर ठाण मांडून बसलं. हलेचना. मैत्रिणीचं हसू थांबलं. शेवटी 'झालं' आलं, दुसरी स्क्रिप्ट सुटली, मग तिसरी. प्रिंटर कुरकुरला.

"बिजागरी, चार इंची," चाचांनी मोठ्यानं वाचलं आणि समोरच्या रंगवाल्याला हाक मारली, "अबे, इकडे ये! पाह्य, मराठीत बिल! तुले बी लागते का?"

रंगवाला रस्ता ओलांडून यायला निघालासुद्धा. मला तिथंच नाचावंसं वाटत होतं. फोन अजून चालूच होता.

"छान. मग आता नोकरीला पुण्याला कधी येतेस?" वर्गमित्रानं विचारलं.

"नाही येत!" मी गरजेपेक्षा फार मोठ्यानं ओरडले.

प्रिंटरचं झाकण लावत असलेली मैत्रीण वळली. तिनं माझं मनगट धरलं. नुसतं 'बरं' म्हणून वायर शोधायला लागलेल्या त्या पोरीचा हात गारठून गेला होता.