हळदीच्या कणकेचा गळ

मुलीच्या डब्यासाठी तिखटमिठाच्या पुऱ्यांची कणीक मळताना हळदीचा वास आला आणि मी आखातातल्या उम्म अल कुवैनच्या खाडीवर पोहोचले. लग्न होऊन नुकतीच तिथे गेले होते. नवरा सकाळीच गाडी घेऊन शारजाला कामावर जायचा आणि मी दिवसभर फ्लॅटमध्ये एसीची घरघर ऐकत बसायची. एका संध्याकाळी शेजारच्या, मूळ रत्नागिरीच्या झुबेदाभाभी म्हणाल्या, "यल्ला, मासे गरवायला चल. घरात बसून वेड लागेल."

त्यांनी हळद घातलेल्या कणकेची गोळी गळाला लावली आणि दोरी माझ्या हातात दिली. बऱ्याच वेळाने ती ताणली गेली.

"खेच गं, खेच!"

पण पाण्याखालची ती धडपड थेट माझ्या तळहातात येत होती. मला दोरी खेचवेना आणि सोडवेनाही. मी रडायलाच लागले.

"काय झालं?"

"मला घरी जायचंय."

मासा कधी सुटला कळलंच नाही. भाभींनी रिकामा गळ वर घेतला आणि नवी गोळी लावत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मलाही."

सतत हसणाऱ्या त्या बाईकडे मी दचकून पाहिलं होतं. आज त्यांच्या वयाची झाल्यावर कळतं, त्या संध्याकाळी सोबतीची गरज माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त होती.