पाण्याशिवाय गिळलेली कॅप्सूल

माझ्या बायकोला चाळिशीच्या तोंडावर मुरमं यायला लागली, तेव्हा त्याचा त्रास तिच्यापेक्षा मला जास्त झाला. हे वाक्य लिहायला मला बराच वेळ लागला आणि लिहिल्यावर ते तितकंच किळसवाणं दिसतंय. मुरमं तिच्या हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला यायची. लाल, टणक, दुखरी. ती बर्फ फिरवायची आणि कामाला लागायची. मी मात्र कुठे जायला निघालो की आधी तिच्या हनुवटीकडे बघायचो. बोलायचो काही नाही. त्या न बोलण्याला मी समजूतदारपणा म्हणत होतो.

बोलली ती माझी थोरली बहीण. ती खारघरला राहते आणि दुसऱ्याच्या घरातली धूळ तिला लांबूनच दिसते. एकदा आमच्याकडे जेवायला आली असताना बायकोला म्हणाली, "अगं, या वयात पिंपल्स? कॉलेजात नाव घातलंस की काय?"

सगळे हसले. मीही हसलो, आणि पुढच्याच आठवड्यात बायकोला त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो.

नवीन पनवेलातलं ते क्लिनिक म्हणजे चकचकीत काचा आणि भिंतीवर गुळगुळीत गालांचे फोटो. डॉक्टरांनी तिच्या चेहऱ्याकडे जितका वेळ बघितलं त्याहून जास्त वेळ स्वतःच्या मोबाइलकडे बघितलं. एक मलम आणि रोज एक अँटिबायोटिकची कॅप्सूल, तीन महिन्यांनी या. तीन महिन्यांनी हनुवटी स्वच्छ झाली होती. डॉक्टर म्हणाले, छान, चालू ठेवा. कधीपर्यंत, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्या माणसाबद्दल मला काडीचाही आदर नाही. पण त्याला शिव्या देताना मला बरं वाटतं, म्हणून मी त्या फार देत नाही.

पुन्हा त्या क्लिनिकमध्ये आम्ही गेलोच नाही. चिठ्ठीचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता. आमच्या इमारतीखालच्या मेडिकलवाल्याने पहिल्यांदा तो बघितला, नंतर तेही सोडलं. मला येताना बघूनच तो ड्रॉवर उघडायचा आणि विचारायचा, "साहेब, वहिनींची ना?" मी बायकोची किती काळजी घेतो, हे त्याला दिसतंय याचं मला समाधान वाटायचं. साबण आणि टूथपेस्टबरोबर मी ती पाकिटं घरी आणायचो.

वर्षभरानंतर बायको म्हणायला लागली की आता पुरे. पोट सारखं बिघडलेलं असायचं. खाजेचा त्रास व्हायचा, तो तिने मला एकदाच, खालच्या आवाजात सांगितला. उन्हात भाजी आणायला गेली की गाल भाजल्यासारखे लाल व्हायचे. मी सांगितलं, छत्री घेऊन जात जा. एकदा तिने आपणहून गोळी बंद केली. थोड्याच दिवसांत हनुवटीवर दोन मुरमं वर आली. मी रागावलो नाही, वादही घातला नाही. सकाळी तिच्या चहाच्या कपाशेजारी नवं पाकीट ठेवलं. तिने ते बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि दुपारच्या जेवणानंतर कॅप्सूल घेतली. आवाज न चढवता बायकोला नमवणाऱ्या नवऱ्यांना लोक सज्जन म्हणतात. मलाही म्हणतात.

असं तिसरं वर्ष चालू असताना हरतालिका आली.

बायको हरतालिकेचा उपास निर्जळी करते. तिच्या आईची तशी रीत होती. मी बँकेत नोकरी करणारा, सुधारलेला माणूस. नवऱ्यासाठी पाणीही न पिणं हा अडाणीपणा आहे, हे मी तिला दरवर्षी ऐकवतो. आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गणपती, म्हणून त्याच कोरड्या तोंडाने ती दिवसभर नारळ खवत असते, तेव्हा मी वर्तमानपत्र वाचतो.

त्या दुपारी तिने सांगितलं की आज गोळी राहू दे. मला दुसऱ्या दिवशी घरात येणारी माणसं दिसायला लागली, त्यांच्यात पहिली माझी बहीण. एक दिवस चुकल्याने काही बिघडत नाही, हे मला कळत नव्हतं असं नाही.

"औषधानं उपास मोडत नाही," मी म्हणालो.

"पाण्यानं मोडतो."

"मग पाण्याशिवाय घे. एवढीशी तर आहे."

तोंडात जमेल तेवढी लाळ गोळा करून तिने कॅप्सूल गिळली, दोनदा आवंढा गिळला आणि आत जाऊन आडवी झाली. पहाटेपासून उभी होती.

संध्याकाळी तिच्या छातीच्या मध्यभागी दुखायला लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उपास सोडताना पाण्याचा पहिला घोट घेतला आणि ती ओट्याला धरून वाकली. काच गिळल्यासारखं होतंय म्हणाली. मी म्हणालो, ॲसिडिटी आहे, करा अजून निर्जळी उपास. फ्रिजमधली गुलाबी औषधाची बाटली तिच्या हातात दिली आणि आरतीचं ताट शोधायला लागलो. तिने सगळ्यांसाठी मोदक केले. स्वतः एकही खाऊ शकली नाही. बहीण तिच्याकडे निरखून बघत म्हणाली, "यंदा चेहरा छान दिसतोय हो." आणि मला आनंद झाला. बायकोला थुंकी गिळताना डोळ्यांत पाणी येत होतं आणि मला आनंद झाला होता.

गणपतीचं विसर्जन झाल्यावर पोटाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दुर्बिणीतून तपासलं. कॅप्सूल अन्ननलिकेत अडकून तिथेच विरघळली होती आणि तिथे जखम झाली होती. ही औषधं ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची आणि घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, असं ते म्हणाले. किती दिवस घेताय, असं त्यांनी विचारलं.

"असेल वर्षभर," मी म्हणालो.

"तिसरं वर्ष चालू आहे," बायको म्हणाली. आवाज घोगरा झाला होता.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मुरमांसाठी हे औषध काही महिन्यांपुरतं असतं, वर्षानुवर्षं घेत राहिलं की जंतू त्याला सरावतात आणि खरी गरज पडते तेव्हा ते चालेनासं होतं, असं त्यांनी समजावलं. मग तिला विचारलं की पाण्याशिवाय का घेतली. ती म्हणाली, उपास होता. त्यांनी तिच्याकडे असं बघितलं जसं शिकलेली माणसं अडाणी बाईकडे बघतात, आणि एकेक शब्द सुटा करत उपास आणि औषध यांतला फरक सांगितला. तिने तो शेवटपर्यंत ऐकून घेतला. मी शेजारी बसून मान डोलावली. पाण्याशिवाय घे म्हणणारा मी होतो, हे तिने सांगितलं नाही. मी तर नाहीच नाही.

कितीतरी दिवस ती पेज आणि थंड दुधावर होती. उरलेल्या कॅप्सूल तिने कधी टाकल्या ते मला कळलंही नाही. बरी झाल्यावर ती एकटीच पनवेल गावातल्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी रात्री लावायचं मलम दिलं आणि गुण यायला वेळ लागेल म्हणून बजावलं. हनुवटीवर मुरमं परत आली, पूर्वीइतकी नाहीत, पण आली. मी काही बोललो नाही. चहाच्या कपाशेजारी काही ठेवलंही नाही. यापलीकडे माझ्या खात्यावर काही नाही.

भाऊबीजेला आम्ही बहिणीकडे गेलो. ओवाळून झाल्यावर तिची नजर बायकोकडे वळली.

"गोळ्या सोडल्यास वाटतं?"

बायको माझ्याकडे बघायला लागली. काय झालं ते सांगायला इतकी सरळ संधी मला पुन्हा मिळणार नव्हती. मी म्हणालो, "मीच बंद करायला लावल्या. इतकी औषधं चांगली नव्हेत."

बहीण म्हणाली, नशीबवान आहेस, नवरा किती लक्ष देतो. बायकोने ताटातली करंजी उचलली आणि हसून म्हणाली, "हो ना. फार लक्ष देतात."

परत येताना ती स्कूटरवर माझ्या मागे बसली होती. कळंबोलीच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ती माझ्या कानाशी येऊन शांतपणे म्हणाली, "गोळ्या मी बंद केल्या. तुम्ही तेवढं बघणं बंद करा."

मी हो म्हणालो. सिग्नल सुटायच्या आत हात पुढे करून डावीकडचा आरसा तिची हनुवटी दिसेल इतका आत वळवला. मागच्या गाड्या नीट दिसाव्यात म्हणून वळवला, असं स्वतःला सांगितलं.