डावीकडे ओढणारी गाडी

माझ्या बायकोला हे ठाऊक नाही. आईला नाही. मंजूला तर नाहीच — आणि खरं म्हणजे ऐकण्याचा हक्क तिचा एकटीचा होता. तिला सोडून तुम्हाला का सांगतोय? मलाही नीट कळत नाही. बसा जरा. हळूहळू सांगतो.

मंजू माझी मावसबहीण, माझ्याहून बरीच लहान. मावशीच्या घरचा हातमाग केव्हाच बंद पडला होता आणि मावसाजी गांधीबागेत एका कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांपुढे तागे उलगडून दाखवायचे. उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत मंजू आमच्याकडे राहायला यायची आणि मी तिला सीताबर्डीला न्यायचो. तिथे एका तळघरात गेम पार्लर होतं. आत शिरलं की कूलरच्या ओल्या गवताचा वास यायचा, आणि भिंतीशी दोन लाल गाड्या दिसायच्या. गाड्या म्हणजे काय — एक सीट, एक स्टिअरिंग, खाली दोन पेडल, समोर पडदा. मंजूचे पाय पेडलपर्यंत पोचत नसत. म्हणून ती स्टिअरिंग धरायची आणि मी खाली उकिडवा बसून हातांनी पेडल दाबायचो.

"दाब गा दादा, दाब!" ती ओरडायची. वळण आलं की — "सोड, सोड!"

त्या गेममध्ये खरं असं काही नव्हतं. ब्रेक टेकवला की गाडी आडवी होऊन वळणभर घसरत जायची. भिंतीला घासली तर ठिणग्या उडायच्या आणि गाडी पुढे. पुढची कमान गाठली की थोडा वेळ वाढवून मिळायचा. बस, इतकंच. पण त्या इतक्याशा गोष्टीत अंग कसं हलकं व्हायचं, ते ज्यानं खेळलंय त्यालाच कळेल.

मग पार्लर गेलं. तिथे मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आलं. घरी खेळायच्या गेममधूनही ती मजा निघून गेली. लोकांना आता खरं पाहिजे होतं — टायर किती तापला, टाकीत पेट्रोल किती उरलं. नाहीतर संपत नाहीत असे मोठाले नकाशे. मोबाइलवर प्रत्येक रेसनंतर जाहिरात. मधल्या काळात किती सुंदर छोटे रेसिंग गेम येऊन गेले! कोणी पाहिले नाहीत. ऑनलाइन दुकानातून एक दिवस गपचूप काढले गेले, आणि मग विकतही मिळेनात.

त्यांच्यासाठीच मी व्हिडिओंचं एक चॅनल सुरू केलं होतं. ऑफिसातून आलो की विसरलेल्या रेसिंग गेमबद्दल बोलायचो, अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत. पाहणारे लाखांत नव्हते. पण या खेळावर जीव असणारे जे थोडे उरले होते, ते माझ्याकडे यायचे. मी एखाद्या गेमला चांगला म्हटलं तर तो चांगला, वाईट म्हटलं तर वाईट. एवढा विश्वास लोकांनी माझ्यावर टाकला होता — हे लक्षात ठेवा.

मंजू इंजिनिअर झाली, नोकरीला लागली, आणि एक दिवस म्हणाली, "दादा, आपणच बनवू नं एक." आम्ही दोघांनी सुरू केलं. 'नागमोडी' हे नाव माझं. कुहीकडचे धानाचे बांध, कामठी रोडवर मनात येईल तिथे थांबणारे शेअर ऑटो, इतवारीतल्या गल्ल्या — सगळ्या रस्त्यांवर आम्ही स्कूटरवर फिरलो. मागे बसून ती वळणांचे फोटो काढायची. आपल्या गावात, आपल्या वळणांवर गाडी घसरवायची! काय दिवस होते ते.

आणि मग मी सोडून दिलं. थकलो म्हणा, घाबरलो म्हणा. तिला म्हणालो, "कोण खेळते आता असं? मेला हा खेळ."

"मी खेळीन नं," ती म्हणाली.

पण मी तेवढ्यावर थांबलो का? नाही. घरात, नात्यात, जिथे तिचा विषय निघेल तिथे सांगत सुटलो की पोरगी उगाच आयुष्य वाया घालवून राहिली. मावशीलासुद्धा सांगितलं. मावशी काळजीत पडली. मंजूनं नोकरी सोडली होती तोवर.

दोन-अडीच वर्षांनी गेम पुरा झाला. जगाला द्यायच्या आधी तिनं मला पाठवला. भर मे महिन्याची दुपार होती, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. मी पहिल्या वळणावर ब्रेक टेकवला, आणि — कसं सांगू? गाडी घसरली, पण माझ्या हातातून सुटली नाही. जणू तिला माहीत होतं मला कुठे जायचंय ते. मोठमोठ्या कंपन्यांना जे जमायचं थांबलं होतं ते या मुलीनं एकटीनं, मावशीच्या स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत बसून केलं होतं. मी उठलोच नाही. शेवटी बनवणाऱ्यांची नावं आली, त्यात सगळ्यात वर माझं.

मला आनंद व्हायला हवा होता. तसा झालाही, थोडा वेळ. मग मनात आलं — म्हणजे मी चुकलो. मी सोडलं, आणि ते होणारं होतं. आता सगळ्यांना कळेल.

आता सांगतो ते.

गेम खेळताना हातात धरायचे माझ्याकडे दोन कंट्रोलर होते. एक नवा. दुसऱ्याची अंगठ्याखालची दांडी झिजलेली — हात लावला नाही तरी गाडी डावीकडे जायची. व्हिडिओसाठी खेळ रेकॉर्ड करताना तो खराब कंट्रोलर चुकून हाती आला, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. चुकून नाही. मी नवा कंट्रोलर टेबलाच्या खणात ठेवला, आणि जुना शोधून काढला. कपाटावरच्या खोक्यातून. स्टुलावर चढून.

गाडी भिंतींना घासत राहिली. मी जड आवाजात बोललो. "बहीण आहे माझी. म्हणूनच खरं बोलणं माझं काम आहे. स्टिअरिंगमध्ये गडबड आहे. गाडी डावीकडे ओढते."

लोकांनी माझं कौतुक केलं. नात्यालाही सोडत नाही म्हणाले. ज्यांनी गेम पाहिलाही नव्हता ते जागोजागी लिहू लागले — डावीकडे ओढते. ज्यांनी विकत घेतला त्यांच्यातल्या काहींनाही तसं वाटू लागलं. एकदा ऐकलं की हाताला तेच जाणवतं.

मंजूचा फोन आला. चिडलेली नव्हती. चिडली असती तर कदाचित मी —. नाही, कदाचित काही नाही.

"दादा, मले सापडूनच नाही राहिलं गा. माझ्याकडे तर गाडी सरळ जाते. तुझा कंट्रोलर ठीक आहे नं?"

बघा, तिनं विचारलं होतं. सरळ विचारलं होतं.

"नवाच आहे वं," मी म्हणालो. "नीट पाह्य."

ती पाहत बसली. दिवसचे दिवस, नसलेली चूक शोधत. मावशी आईला फोन करून सांगायची, पोरगी जेवत नाही, नुसती त्या पडद्याशी डोकं लावून बसते. आणि माझी आई मला म्हणायची, तुले समजते नं त्यातलं, तर जाऊन मदत कर नं तिले. काहून नाही जात? मी म्हणायचो, वेळ नाही.

सापडेना, तेव्हा तिनं स्टिअरिंग सगळंच मोडलं आणि नव्यानं लिहिलं. गाडी उजवीकडे सावरेल असं काहीतरी घातलं. ते नवं रूप आलं आणि ज्याच्या-त्याच्याकडे जुन्याची जागा आपोआप घेतली. मी खेळून पाहिलं. गाडी आता अवघडल्यासारखी वळत होती. ती जाण — ती जी पहिल्या वळणावर मला जाणवली होती — गेली होती. मंजूलाही ती परत आणता आली नाही; जुनं परत घालावं तर चूक त्यातच आहे, असं ती धरून बसली होती.

दोघा-तिघांनी लिहिलं, "पहिल्यासारखं काहून नाही राहिलं?" मी ते वाचलं. तेव्हाही बोलता आलं असतं. एक व्हिडिओ, दोन वाक्यं. मी विषय बदलून दुसऱ्याच गेमवर बोललो — कोणी कदर न केलेल्या एका जुन्या रेसिंग गेमवर. चांगला झाला होता तो व्हिडिओ. लोक हळहळले.

काही महिन्यांनी मंजूनं 'नागमोडी' दुकानातून काढून घेतला. आता ती पुण्यात आहे, दवाखान्यांसाठी नंबर लावायचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीत. लग्न झालं, मुलगी आहे. ती दुःखी आहे असं मी म्हणणार नाही. पण गेम तिनं पुन्हा बनवला नाही. खेळतही नाही म्हणते.

गेल्या हिवाळ्यात ती आली होती. आम्ही सगळे जेवायला बसलो, मंजू सांबारवड्या, म्हणजे आमच्याकडच्या कोथिंबिरीच्या वड्या, वाढत होती. माझ्या बायकोनं सहज विचारलं, तुझ्या त्या गेमचं पुढे काय झालं गं?

मंजू हसली. "मले जमलं नाही वैनी. बाकीचे सारे तोंडावर छान-छान म्हणून राहिले होते. दादानं तेवढं खरं सांगतलं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "असा एक तरी माणूस पाहिजे नं घरात?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी "हो" म्हणालो.

तिनं माझ्या ताटात आणखी एक वडी वाढली. मी ती खाल्ली.