टापटीपबाईंची भिंत

शाळेच्या ग्रंथपालबाईंना मुलं पाठीमागे टापटीपबाई म्हणत, आणि हे बाईंना ठाऊक होतं. रागावण्याऐवजी त्या मनातून खूश होत्या. बाकीच्या शिक्षकांना मुलं काय काय म्हणतात ते त्यांनी पुस्तकांच्या कपाटाआडून ऐकलं होतं. त्या मानाने आपण फार स्वस्तात सुटलो, असं त्यांचं मत होतं.

नाव शोभायचंही. एखादं पुस्तक फळीच्या कडेपासून बोटभर आत सरकलं, तरी बाईंना बसल्या जागी चैन पडत नसे. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती शेजारीशेजारी दिसल्या की त्यातली एक उचलून त्या मागच्या कपाटात टाकत. फळ्या कमी, पुस्तकं फार, तेव्हा जास्तीचं ते मागे, हा त्यांचा कायदा. घरीही तोच खाक्या. स्वयंपाकघरातले डबे त्यांनी एके दिवशी वर्णानुक्रमाने लावून टाकले. तेव्हापासून यजमानांना चहा करायचा झाला तर चहापूड वरच्या फळीवर आणि साखर पार खाली, अशी कवायत करावी लागे.

"अगं, साखरेला चहाजवळ राहू दे की. दोघांचं जमतं," ते एकदा धीर करून म्हणाले.

"अहो, जमतं म्हणून कुणालाही कुठेही ठेवलं, तर सापडायचं कसं?"

यावर यजमानांनी साखरच सोडली. डॉक्टरांनी त्यांच्या निग्रहाचं कौतुक केलं, आणि खरं कारण सांगून ते कौतुक घालवण्याइतके यजमान भोळे नव्हते.

अशा बाईंच्या हाती मुख्याध्यापकांनी इंटरनेट दिलं. यंदा प्रत्येक शिक्षकाने शिकवण्यासाठी एक तरी नवं ऑनलाइन साधन शोधून वापरायचं, असा त्यांनी फतवा काढला. बाकीच्यांनी हा फतवा नेहमीप्रमाणे या कानाने ऐकून त्या कानाने सोडला. बाईंना मात्र त्यांनी खोलीत वेगळं बोलावलं.

"बाई, स्पष्टच बोलतो. सातवीचा वाचनाचा तास गणिताच्या सरांनी मागितलाय. त्यांचा अभ्यासक्रम पुरा होत नाही. तुमच्या तासाला मुलं करतात काय?"

"वाचतात, सर."

"ते झालं हो, पण दिसत काहीच नाही. शुक्रवारच्या बैठकीत पडद्यावर दिसेल असं काहीतरी दाखवा. नाहीतर तास त्यांना देऊन मोकळा होतो."

वाचन दिसत नाही, ही बाईंच्या पेशातली जुनीच पंचाईत. मूल मान खाली घालून बसलेलं दिसतं, आणि झोपलेलं मूलही तसंच दिसतं. पण आठवड्यातला तो एक तास गेला तर वाचनालयाची खोली म्हणजे नुसती पुस्तकांची अडगळ होणार, हे बाईंना कळत होतं. त्या खोलीतून बाहेर पडल्या. समोरून गणिताचे सर येत होते. ताठ चालीमुळे आणि कोपऱ्यावर खटकन वळण्याच्या सवयीमुळे मुलं त्यांना काटकोन म्हणत. बाईंनी त्यांना नमस्कार केला, पण तो अगदी काटकसरीने.

त्या संध्याकाळपासून बाईंनी साधनं धुंडाळायला घेतली आणि घरच्यांचे हाल सुरू झाले. दिसेल त्या ठिकाणी बाई नाव नोंदवत, पासवर्ड ठरवत आणि सकाळपर्यंत तो विसरत. एक साधन पुस्तकं मोठ्याने वाचून दाखवायचं. बाईंनी त्याला राजाच्या मरणाचा प्रसंग दिला. त्याने तो आगगाडीचं वेळापत्रक वाचावं तसा वाचला, वर प्रत्येक स्वल्पविरामाला 'स्वल्पविराम' असं बजावून सांगितलं. दुसरं साधन प्रश्नमंजुषेचं. ते बाईंनी जेवणाच्या टेबलावर आजमावलं. सगळ्यांच्या मोबाइलवर प्रश्न, घड्याळाची टिकटिक आणि छातीत धडकी भरवणारं संगीत. 'काल दूध आणायला कोण विसरलं?' या प्रश्नाला चार पर्याय होते आणि चारही पर्यायांत यजमान होते. ते तरीही शेवटचे आले.

"हिच्या हाती इंटरनेट म्हणजे माकडाच्या हाती कोलीत," ते सुनेला हळूच म्हणाले.

"बाबा, हळू बोला," सून म्हणाली. "बोललेलं लिहून घेणारं साधन पण आई आणणार आहेत."

शेवटी बाईंना हवं ते सापडलं. ती एक ऑनलाइन भिंत होती. तिच्यावर कुणीही रंगीत चिठ्ठी चिकटवावी, दुसऱ्याच्या चिठ्ठीखाली आपली चिठ्ठी जोडावी, आणि नाव द्यायची सक्ती नाही. बुधवारच्या तासाला त्यांनी सातवीच्या मुलांच्या हाती शाळेचे टॅब दिले आणि भिंतीवर एक प्रश्न लिहिला. 'वाचलेल्या गोष्टीतलं काय तुम्हाला अगदी आपल्यासारखं वाटलं?'

मुलं आधी एकमेकांच्या टॅबमध्ये डोकावली. मग कुणीतरी लिहिलं, 'तो आपल्या धाकट्या भावाला विकायला निघतो ते.' त्यावर हसू फुटलं आणि भिंत भरायला लागली. मुलं घरी गेल्यावरही लिहीत राहिली. गुरुवारी संध्याकाळी बाईंनी घरी टेबलाशी बसून भिंत उघडली, तर ती गच्च भरली होती. आनंदाने त्यांना क्षणभर काही सुचेना. दुसऱ्या क्षणी सुचलं, आणि तिथेच घोटाळा झाला.

किती हा पसारा! पिवळी चिठ्ठी हिरवीवर चढलेली, ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नाही, आणि जिकडे तिकडे तेच तेच. एका मुलाने की मुलीने लिहिलं होतं, 'गोष्टीतल्या मुलीला नवीन घराच्या लांब बोळातून एकटीने जायला भीती वाटते. मला पण आमच्या घरात तशी भीती वाटते. मी कुणाला सांगत नाही.' त्याच्याखाली 'मला पण' अशा चिठ्ठ्यांची लांबलचक शेपूट लटकत होती. मला पण, मला पण, मला पन, मलापण. उद्या हे मुख्याध्यापक बघणार!

बाईंनी पदर खोचला. चिठ्ठ्या पुस्तकवार लावल्या, शुद्धलेखन सुधारलं, रंगांना शिस्त लावली. मग जास्तीचं ते मागे या कायद्याने एकसारख्या चिठ्ठ्या भराभर काढून टाकल्या. फरक एवढाच, की या भिंतीला मागचं कपाट नव्हतं. भिंत अशी दिसू लागली की सरकारी पाहुण्याला दाखवावी. यजमानांनी डोकावून पाहिलं आणि ते एवढंच म्हणाले, "छान. आपल्या स्वयंपाकघरासारखी दिसतेय." बाईंना ते कौतुकच वाटलं.

शुक्रवारी सकाळी प्रार्थनेआधी वाचनालयाच्या दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. सातवीतली, खिडकीजवळ बसणारी. पुस्तक घ्यायची, पुस्तक परत करायची, आणि मधे एक अक्षर बोलायची नाही.

"बाई, ते सगळे कुठे गेले?"

"कोण सगळे गं?"

"मला पणवाले."

बाई हसल्या. "अगं, ते सगळे एकसारखेच होते. जास्तीचे काढले मी. पण मूळ चिठ्ठी आहे की. बघ, कशी नीट पहिल्या ओळीत लावलीय."

"हो, बघितली," मुलगी म्हणाली. "पण आता मी एकटीच आहे."

एवढं बोलून ती प्रार्थनेला निघून गेली. बाई हातात पुसायचं फडकं घेऊन तशाच उभ्या राहिल्या. इतकी वर्षं मुलांच्या हाती पुस्तकं दिली ती कशासाठी, असं त्यांना कुणी विचारलं असतं, तर हेच सांगितलं असतं, की आपल्यासारखं कुणीतरी आहे हे कळावं म्हणून. आणि या पोरीला ते कळलं होतं. एका संध्याकाळपुरतं कळलं होतं, आणि आपण ते स्वच्छ पुसून काढलं. बाईंना स्वतःची इतकी लाज वाटली की डोळ्यांत पाणी आलं.

त्यांनी घाईघाईने भिंत उघडून काढलेल्या चिठ्ठ्या परत आणायचा प्रयत्न केला. ते होत नाही, असं साधनाने नम्रपणे कळवलं. म्हणजे मुलांनाच पुन्हा लिहायला सांगायला हवं होतं, आणि प्रार्थनेनंतर सातवीचा पहिलाच तास गणिताचा होता. बाईंनी वाघाच्या गुहेत शिरावं तसं त्या वर्गाचं दार वाजवलं.

"सर, दहा मिनिटं देता?"

"दहा?" काटकोनसर खडू हातात धरून म्हणाले. "बाई, माझे अपूर्णांक अर्धे राहिलेत." हा विनोद आहे असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटत नव्हतं. पण बाईंचे डोळे लाल दिसले म्हणून असेल, ते बाजूला झाले आणि मागच्या बाकावर जाऊन बसले.

बाईंनी पडद्यावर भिंत लावली, टॅब वाटले आणि वर्गासमोर उभ्या राहिल्या. "मुलांनो, काल मी तुमच्या बऱ्याच चिठ्ठ्या काढून टाकल्या. मला वाटलं, तेच तेच आहे, जास्तीचं आहे. ते जास्तीचं नव्हतं. माझं चुकलं. ज्यांनी लिहिल्या होत्या, त्यांनी परत लिहाल?"

बाईंनी चूक कबूल केलेली मुलांनी कधी पाहिली नव्हती, त्यामुळे आता काय करायची पद्धत असते हे कुणालाच माहीत नव्हतं. पडद्यावर काही हलेना. आपण घालवलेलं आता परत येत नाही, असं बाईंना वाटायला लागलं. तेवढ्यात बोळाच्या चिठ्ठीखाली एक निळी चिठ्ठी उमटली. 'मला पण.' मग आणखी एक, आणि मग पाऊस पडावा तशा. 'मला पण, मी पळत जातो.' 'मला पण, मी गाणं म्हणते.' 'मला पण आणि माझ्या बाबांना पण.' कालच्यापेक्षा शेपूट लांब झाली. खिडकीजवळची मुलगी पडद्याकडे बघत होती आणि तिचं बोट एकेका ओळीवरून हवेतच खाली सरकत होतं. दहा मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. मागच्या बाकावरून मात्र कुणी आठवण केली नाही.

दुपारच्या बैठकीत बाईंनी ती भिंत तशीच्या तशी लावली. नव्या चिठ्ठ्यांचा पसारा, चुका, पिवळ्यावर हिरवं, सगळं. ते तसंच ठेवताना त्यांचा हात किती शिवशिवला हे त्यांचं त्यांनाच माहीत.

मुख्याध्यापकांनी चष्मा वर केला, खाली केला. "हे काय बाई? पहिल्या दोन चिठ्ठ्या ठीक आहेत. पुढे नुसतं तेच तेच."

"हो सर. तेच तर दाखवायचं होतं," बाई म्हणाल्या. "काल मी हे पुसून भिंत चकचकीत केली होती. आज सकाळी एका मुलाने मला विचारलं, बाकीचे कुठे गेले." मुलीचं नाव कुणाच्या मनातही येऊ नये म्हणून त्यांनी मुलगा म्हटलं. "माझ्या तासाला मुलं काय करतात, असं तुम्ही विचारलं होतंत. हे करतात, सर."

मुख्याध्यापकांना हे पटलं की नाही ते कळेना. त्यांनी गणिताकडे मान वळवली. "तास तुम्ही मागितला होता. तुमचं काय म्हणणं?"

काटकोनसर उठून उभे राहिले. आता एक शब्द बोलले असते तरी तास त्यांचा होता. बाईंनी डोळे मिटून घेतले.

"सर, मी रोज वर्गाला विचारतो, समजलं का? सगळे म्हणतात, हो. कुणाचाही हात वर होत नाही. मग पेपर तपासायला घेतो आणि कपाळाला हात लावतो." एवढं लांब ते गणिताबाहेरचं कधी बोलले नव्हते. "या पोरांना बोळाची भीती वाटते हे आज मला कळलं. माझी वाटत असेल तर तेही कळायला हवं. मला तास नको. मला ही भिंत द्या."

मुख्याध्यापकांनी "बरं, मग तास राहू द्या" असं म्हटलं आणि बैठक पुढच्या विषयाकडे वळली. पुढचा विषय पाण्याच्या टाकीचा होता. त्यातलं बाईंना एक अक्षर ऐकू आलं नाही.

पुढच्या आठवड्यात बाईंनी सरांना भिंत उभारून दिली. सरांनी वर प्रश्न लिहिला, 'गणितात काय अवघड जातं? नाव देऊ नये.' बाई वाचनालयात आपल्या संगणकावर बघत बसल्या. बराच वेळ काही आलं नाही. मग एक चिठ्ठी आली. 'अपूर्णांकांची बेरीज आली की मला रडू येतं. सर विचारतात तेव्हा मी हो म्हणते.'

खाली 'मला पण' यायला लागलं. बाई वाचत होत्या आणि त्यांना आपली शाळा आठवत होती. फळ्यावर अपूर्णांक, समोर मान डोलावणारी आपण, आणि शेजारच्या सगळ्या जणींना येतंय, आपल्यालाच डोकं नाही, ही खात्री. त्या खात्रीच्या जोरावर त्यांनी गणित सोडलं होतं आणि आयुष्यात पुन्हा त्या वाटेला गेल्या नव्हत्या. शेजारच्या जणींना बहुतेक येत नसावं, हे त्यांना आज, निवृत्ती जवळ आल्यावर, कळत होतं.

खोलीत कुणी नाही हे त्यांनी पाहून घेतलं. मग त्या शेपटीच्या टोकाला एक पिवळी चिठ्ठी जोडली आणि लिहिलं, 'मला पण.'