बोलक्या चपलेवरचा ठपका

दसऱ्याला आमच्या समोरच्या कारागिरांची चप्पल ‘लोकप्रिय’ ठरवण्यात आली. जबाबदार, ती ऑनलाइन विकणारी कंपनी. दिवाळीत तीच चप्पल ‘सदोष’ ठरवण्यात आली. जबाबदार, तीच कंपनी. संक्रांतीला तिचा आवाज काढून घेण्यात आला. जबाबदार, त्या कंपनीचे तक्रार निवारण अधिकारी. वाचकांनी हा क्रम ध्यानात ठेवावा.

कळंब्याच्या रस्त्याला आमच्या घरासमोर चपला करणारे हे गृहस्थ तयार जोड गिऱ्हाइकाला देण्याआधी कानाशी धरून वाकवत. तळाच्या दोन थरांमध्ये बसवलेले वाळके बी करकरले की विचारत, “बोलती का न्हाय?” कोणी हलकी, बिनआवाजाची मागितली, तर म्हणत, “मुकी चप्पल चोर घालत्यात, पावणं. शेजारी बघा.”

शेजारच्या दुकानात गर्दी असे. यांच्याकडे एखादा जुना पैलवान आणि मी. मात्र पहाटे तळ्याकडे फिरायला निघालेल्या त्यांच्या चपलांची करकर ऐकूनच आमच्या घरी चहाचे आधण चढे.

पुढे त्यांच्या सुनेने हे जोड ऑनलाइन विक्रीस ठेवले. आसामातल्या कोणा निवृत्त मास्तरांनी मागवला, बिकानेरच्या एका ढोलकीवाल्याने मागवला. असे खुळे देशात असून असून किती असणार, असे मी म्हणालो.

“गावात एकच असतोय, साहेब. पण गावं काय कमी हैत व्हय?”

कामापायी त्यांना जेवायला उशीर झालेला मी प्रथमच पाहिला.

कंपनीला एवढ्यावर समाधान नव्हते. खप दिसताच ‘लोकप्रिय’ असा शिक्का मारून तिने ही चप्पल साधी चप्पल शोधणाऱ्या प्रत्येकापुढे ठेवली. त्यांना करकर नकोच होती. “आवाज येतो” या एकाच तक्रारीने जोड परत येऊ लागले. वर्णनात पहिल्याच ओळीत सांगितलेला गुण दोष ठरला आणि विक्री बंद करण्यात आली.

मी कंपनीला लिहिले: विक्रेत्याने जे सांगितले तेच वस्तूत आढळले, तर तो दोष कोणत्या कायद्याने? उत्तर आले, आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे. मी पुन्हा लिहिले. तेव्हा अधिकारी महाशयांनी मार्ग सुचवला: आवाज काढून टाकल्यास विक्री पूर्ववत होईल.

घर त्या विक्रीवर चालत होते. त्यांनी बी बसवणे सोडले. स्वतःच्या जोडातलेही उसवून काढले.

परवा सकाळी मी फाटकाशी उभा होतो. घरात चहा व्हायचा होता. ते तळ्यावरून परत येताना दिसले. गेले केव्हा, ते कळलेच नाही, असे मी म्हणालो. त्यांनी पायांकडे पाहिले.

“चोरावानी गेलो बघा.”

म्हणून आता खासगी पत्र नाही. ज्या अधिकाऱ्यांनी हा मार्ग सुचवला, त्यांनी स्वतःच्या नावानिशी, सर्वांसमक्ष उत्तर द्यावे: या चपलेत दोष कोणता होता? माझा अनुभव मोलाचा असल्याचे पुन्हा कळवू नये.