मावशींची काळी शाई

हातमोजे घालूनही मावशींची नखं कायम काळी. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये त्या टेक्निशियन. ऑपरेशनमध्ये काढलेला आतड्याचा भाग आला की आधी त्याला बाहेरून काळी शाई फासायची, मग काप करायचे. कॅन्सरची गाठ शाईला टेकलेली दिसली, तर पेशंटच्या पोटात काहीतरी मागे राहिल्याची भीती. सव्वीस वर्षं हेच काम, आणि एवढ्या वर्षांत मावशींच्या तोंडाला कुलूप काही लागलं नाही.

नवे सर्जन आले, तेव्हा त्यांच्या हाताच्या वेगाचा भारी बोलबाला होता. त्यांनी काढलेला गुदाशय मावशींनी ट्रेमध्ये उलटसुलट करून पाहिला. भोवतीच्या चरबीवरचं पातळ आवरण अखंड हवं, नाहीतर गाठीचा अंश आत राहू शकतो. ते दोन ठिकाणी फाटून लोंबत होतं. मावशींनी थेट फोन लावला.

"सर, आवरण फाटलंय. ओढून काढलंत का?"

पलीकडे फोन आपटला गेला. दीड वर्षाने त्या पेशंटची गाठ नेमकी त्याच जागी परत आली.

तेव्हापासून डॉक्टर स्वतःच ट्रे घेऊन लॅबमध्ये येऊ लागले. "बघा, मास्तरीणबाई," म्हणायचे. मावशी चष्मा पुसून बघायच्या आणि फार तर "चालेल" म्हणायच्या. ओढाओढ बंद झाली होती. डोळ्यांनी बघत, थर सोडवत काढायला डॉक्टरांना आता दुप्पट वेळ लागायचा.

मग मावशींच्या थोरल्या बहिणीलाच तोच कॅन्सर निघाला. आईच्या माघारी हिनेच त्यांना वाढवलेलं. मावशींची पाचावर धारण बसली. ऑपरेशन याच डॉक्टरांनी केलं. नात्यातल्या माणसाचं काम आपण करायचं नाही हा नियम, म्हणून शाई सहकाऱ्याने लावली. मावशी हात मागे बांधून शेजारी उभ्या. आवरण गुळगुळीत होतं, कुठे ओरखडा नाही. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा एकदा बघितलं.

पाच वर्षं झाली. शेवटच्या तपासणीतही काही निघालं नाही. "आता तरी नखं घास," ताई म्हणाली. मावशी डॉक्टरांपुढे हात जोडून उभ्या राहिल्या.

"सर, तुमचे उपकार..."

"माझे कसले? तुम्ही फोन केला नसतात, तर मी अजून ओढूनच काढत असतो."

लॅबमध्ये परतून मावशींनी जुनं रजिस्टर काढलं, फोन केला त्या दिवसाचं पान उघडलं. गाठ परत आल्यावर तो पेशंट वर्षभरही जगला नव्हता. त्याच्या नावावर त्यांनी बोट ठेवलं.

"बाबा रे," त्या हळूच म्हणाल्या, "माझी ताई तुझ्यामुळे आहे."